पुण्यातली पहिली काचेची तार आणि डेटा सेंटरमधले शेवटचे शंभर मीटर

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सध्या आपल्याकडे जिथे जावं तिथे एआय निघतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं मायक्रोसॉफ्टबरोबर उसात जे काम केलं त्याची चर्चा सत्या नडेलांपर्यंत गेली. जळोचीच्या उपबाजारात लिलाव चालू असतानासुद्धा दोन माणसं त्यावर बोलताना ऐकली. हवामान यंत्र, जमिनीतला ओलावा, उपग्रहाचा फोटो, मोबाईलवर येणारा सल्ला हे सगळं आता लोकांना माहीत झालंय. पण "हे चालतं कुठे?" असं विचारलं की उत्तर येतं, "क्लाउडवर." आणि बोट वर आभाळाकडे जातं.

आभाळात काही नाही हो. आहे ते सगळं जमिनीवर आणि जमिनीखाली. एक मोठी बंदिस्त इमारत असते, तिच्यात हजारो कॉम्प्युटर, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या काचेच्या तारा. या काचेच्या तारेचा आपल्या देशातला टेलिफोनचा इतिहास पुण्यातून सुरू होतो, हे मात्र पुणे जिल्ह्यातल्याच फार थोड्या लोकांना माहीत आहे. १९७९ साली पुण्यात भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली. शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संभाषणं इकडून तिकडे नेण्यासाठी, म्हणजे खात्याच्या भाषेत 'लोकल जंक्शन'साठी.

मी गेली काही वर्षं नेटवर्कच्या केबल टाकायची आणि जोडायची कामं करतो. बारामती, इंदापूर, भिगवण, दौंड, जिथे बोलावतील तिथे. त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातली वाटत नाही. ती का सांगतोय ते पुढे येईलच, कारण तिचा थेट संबंध आपल्या खणलेल्या रस्त्यांशी आणि आपल्या टेंडरांशी आहे.

आधी १९७९ चं पुणे डोळ्यांसमोर आणा. तेव्हा फोन ही चैन होती. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बारामतीहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसायचं. परदेशी बोलण्यासाठी आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावाजवळ आर्वीला, १९७१ पासून उपग्रह केंद्र होतं. विक्रम साराभाईंचं नाव असलेलं ते केंद्र जुन्या लोकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. म्हणजे परदेशाला जोडणारी थाळीही पुणे जिल्ह्यात आणि काचेची पहिली तारही पुण्यात. आपण मात्र त्याच काळात साखर कारखान्याच्या ऑफिसातल्या एका काळ्या फोनभोवती गर्दी करत होतो.

एका एक्स्चेंजमधून दुसऱ्या एक्स्चेंजकडे बोलणं न्यायला तोवर तांब्याच्या जोड्या असायच्या. शहर वाढलं की जोड्या वाढवा, जोड्या वाढल्या की केबल जाड, आणि रस्त्याखालचे पाईप गच्च. जगभरच्या शहरांची हीच अडचण होती. अमेरिकेत १९७७ साली शिकागोच्या रस्त्याखाली काचेच्या तारांवर खऱ्या गिऱ्हाइकांचे फोन चालवून बघितले गेले. केसाएवढ्या काचेच्या एका जोडीवर एका वेळी ६७२ संभाषणं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात लाँग बीचलाही एका कंपनीनं असंच केलं होतं. आणि दोनच वर्षांनी पुणे! गरीब देश, टेलिफोनची बोंब, आणि तरी आपल्या पोस्ट आणि तार खात्यानं जगाच्या मागे दोन वर्षांत ही गोष्ट करून दाखवली. सरकारी खातं म्हटलं की आपण नाक मुरडतो, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

काचेतून एवढ्या लांब उजेड जाईल असं आधी कुणाला वाटत नव्हतं. पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रुळलं तेही त्यांच्यामुळे. पण ते अंतर छोटं. साध्या काचेत उजेड काही मीटरमध्येच मरतो. १९६६ साली चार्ल्स काव यांनी हॉकहॅम यांच्याबरोबर मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या भेसळीचा आहे. शुद्ध काच मिळाली आणि एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड जरी उरला, तरी टेलिफोन चालवता येईल. शंभरातला एक! एवढ्यावर माणूस आशा ठेवून होता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी ती रेघ ओलांडली. काव यांना नोबेल मिळालं २००९ मध्ये, मूळ लेखानंतर ४३ वर्षांनी. आज चांगल्या काचेत एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग उजेड शिल्लक असतो.

ही तार बनते कशी? गुऱ्हाळावर काकवी चाटून बघताना बोटाला तार सुटते ना, तसंच समजा. अतिशय शुद्ध काचेची जाड कांडी करतात, तिचं टोक दोन हजार अंशांच्या आसपास तापवतात आणि वरून खाली तार ओढत नेतात. एका कांडीतून कित्येक किलोमीटर तार निघते. हे काम आज महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात होतं. तिथली स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेच्या कांडीपासून तारेपर्यंत सगळं स्वतः करते. आपल्या पोरांना हे शाळेत कुणी सांगत नाही, ते सोडा.

आता मुख्य मुद्दा. काचेची तार दोन जातीची असते, आणि पुढची सगळी गोष्ट या जातींवर आहे.

बाहेरून दोन्ही तारा सारख्याच जाड. १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा आठवा भाग. फरक आतल्या वाटेत. एकीत उजेडाची वाट ५० मायक्रॉन रुंद असते. तिला मल्टीमोड म्हणतात. दुसरीत ती वाट जेमतेम ९ मायक्रॉनची. ती सिंगल मोड.

रुंद वाट चांगली असं वाटेल. पण तुकोबांची पालखी आठवा. बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. दिंड्यांना नंबर असतात, क्रम असतो. समजा तो क्रम ठेवणारं कुणी नसतं आणि रस्ता चांगला ऐसपैस असता. कुणी सरळ मधून चालतंय, कुणी या कडेचं झाड, त्या कडेची टपरी करत नागमोडी जातंय. काटेवाडीपर्यंत काही बिघडत नाही, दिंड्या वेगळ्या ओळखू येतात. इंदापूर येईपर्यंत मात्र सोळा नंबरच्या दिंडीतली माणसं सतरामध्ये आणि सतरातली पंधरात. नंबरच कळणार नाही. आता हाच रस्ता एका माणसापुरती पायवाट आहे असं धरा. सगळे एकामागे एक. पंढरपूर आलं तरी क्रम तोच.

उजेडाचे ठिपके म्हणजे या दिंड्या. रुंद काचेत उजेड अनेक वाटांनी जातो, थोडा आधी थोडा नंतर पोचतो आणि लांब गेल्यावर ठिपके एकमेकांत मिसळतात. त्यावर शास्त्रज्ञांनी एक झकास युक्ती काढली. काच मध्यभागी दाट आणि कडेला विरळ करत नेली. विरळ काचेत उजेड जास्त पळतो. म्हणजे जो लांबच्या वाटेनं जातो तोच जास्त वेगानं जातो, आणि सगळे जवळपास एकत्र पोचतात. रिंगणात बाहेरच्या फेरीतल्याला जास्त जोरात पळावं लागतं, तसं. ही युक्ती जुनी आणि आजची डेटा सेंटरमधली मल्टीमोड काच अजून तिच्यावरच चालते.

सुरुवातीला टेलिफोनवाल्यांनी मल्टीमोडच घेतली. कारण ९ मायक्रॉनच्या छिद्रात उजेड नेमका घालणं आणि अशा दोन तारा टोकाला टोक जोडणं तेव्हा महाकठीण. आज माझ्या बॅगेत जोडणीचं मशीन असतं. ते कॅमेऱ्यातून बघतं, स्वतः तारा सरळ करतं, ठिणगी टाकून वितळवतं, आणि मी तोवर घाम पुसतो. १९७९ ला असं काही हाताशी नव्हतं. ५० मायक्रॉनच्या वाटेत थोडं इकडंतिकडं झालं तरी चालून जायचं. त्या काळची टेलिफोनची काचेची तार म्हणजे मल्टीमोड, असंच समीकरण होतं.

आणि मग चारपाच वर्षांत डाव पलटला. अमेरिकेतली सगळ्यात मोठी टेलिफोन कंपनी एटी अँड टी. तिनं न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन हा आपला मानाचा मार्ग १९८३ मध्ये मल्टीमोडवर सुरू केला. त्याच सुमारास एमसीआय नावाची तुलनेनं लहान, भांडखोर कंपनी मैदानात उतरली आणि तिनं कॉर्निंगला एक लाख किलोमीटर सिंगल मोड तारेची ऑर्डर दिली. मोठ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून जे टाकलं ते सुरू होतानाच जुनं झालं होतं. पुढे लांबच्या अंतरावर मल्टीमोडचं नावही उरलं नाही. समुद्राखालच्या केबल, हायवेच्या कडेच्या केबल, रेल्वेच्या कडेनं गेलेल्या रेलटेलच्या, २०११ नंतर ग्रामपंचायतींकडे निघालेल्या भारतनेटच्या, आणि आपल्या घरात येणारी ती पातळ काळी किंवा पांढरी वायर, सगळ्या सिंगल मोड.

मग मल्टीमोड संपली का? नाही. ती रस्त्यावरून उठली आणि इमारतीत शिरली.

ऑफिसं, कॉलेजं, बँका यांच्या आतली अंतरं शंभर-दोनशे मीटरची. तिथे दिंड्या मिसळायला वेळच मिळत नाही. मग महागडा लेझर कशाला, साध्या एलईडीवर काम भागवू, असा विचार झाला. एलईडीचा उजेड पसरट असतो. तो नीट आत जावा म्हणून वाट अजून रुंद केली, ६२.५ मायक्रॉन. १९८० आणि ९० च्या दशकात जगभर इमारतींमध्ये ही नारिंगी केबल पडली. आपल्याकडे ती थोडी उशिरा आली आणि बराच काळ येत राहिली.

आता माझा अनुभव. संस्थेचं नाव लिहीत नाही. कॉमेंटमध्ये विचारू नका. आपल्याच दोन तालुक्यांतली एक संस्था. दोन इमारतींमध्ये साधारण दोनशे मीटर अंतर आणि मध्ये जुनी नारिंगी केबल. एक गिगाबिटवर उत्तम चाललेली. नवे सर्व्हर आले, दहा गिगाबिटचे स्विच आले, पेढे वाटून झाले, आणि लिंक काही लागेना. मला बोलावलं. मी केबलवर छापलेलं वाचलं आणि सांगितलं, साहेब, यावर नेहमीचं दहा गिगाबिट मॉड्यूल ३३ मीटरपर्यंतच जातं.

"अहो पण फायबर आहे ना आपल्याकडे?"

"आहे साहेब. पण ही फायबर वेगळी."

"फायबर म्हणजे फायबर. उजेडाच्या वेगानं जातं म्हणता ना तुम्हीच?"

आता काय बोलणार. (जाणकार म्हणतील, जुन्या केबलसाठी २२० मीटर जाणारं एलआरएम मॉड्यूल असतं की. असतं. त्या स्विचला ते चालत नव्हतं, आणि बाजारातही ते सहज मिळत नव्हतं.) मग ठरलं, नवी केबल ओढू. तर जुनी केबल अर्ध्या इंचाच्या पाण्याच्या पाईपमधून नेलेली. तो मध्येच दबलेला, त्यात माती, आणि वर नुकताच झालेला काँक्रीटचा रस्ता. सगळ्या कामात नव्या केबलचा खर्च सगळ्यात कमी होता. रस्ता फोडायचा आणि परत करायचा खर्च सगळ्यात जास्त.

हा प्रसंग सांगितला कारण इतिहासातली एक गोष्ट त्यातच दिसते. काच दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत आली आहे. पाईप मात्र नीट टाकला तर तोच राहतो.

असो. एलईडीचं पुढे काय झालं ते सांगतो. एलईडी फार भराभर उघडझाप करू शकत नाही. गिगाबिटचा काळ आला आणि त्याचा दम संपला. तेव्हा कामाला आला एक छोटासा लेझर, चिपच्या पृष्ठभागातून सरळ वर उजेड टाकणारा. त्याची कल्पना जपानच्या केनिची इगा यांना १९७७ मध्ये सुचली होती, म्हणजे शिकागोत फोन चालले त्याच वर्षी. बाजारात यायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. हा लेझर एका चकतीवर हजारोंनी बनतो, चकतीवरच तपासता येतो, वीज कमी खातो, आणि त्याचा झोत ५० मायक्रॉनच्या वाटेत आरामात बसतो. म्हणून मल्टीमोडवाले ६२.५ सोडून परत ५० वर आले. सुरुवातीच्या टेलिफोन फायबरचं माप साधारण तेच होतं! फिरून गाडी पुन्हा जुन्या स्टँडवर.

फक्त या वेळी काच त्या लेझरसाठी घासूनपुसून बनवलेली. तिला नावं मिळाली ओएम थ्री, ओएम फोर आणि २०१६ नंतर ओएम फाइव्ह. ओएम म्हणजे ऑप्टिकल मल्टीमोड. रंगही ठरलेले. जुन्या नारिंगी. ओएम थ्री आकाशी. ओएम फोर आकाशी किंवा जांभळट. ओएम फाइव्ह पोपटी. आणि सिंगल मोड पिवळी. कुठल्याही सर्व्हर रूममध्ये गेलात तर रंगावरून अंदाज येतो. तरी छापलेलं वाचा, कारण आपल्याकडे रंग बघून फसवणारेही आहेत.

डेटा सेंटर म्हणजे या मल्टीमोडचं खरं घर झालं. एका हॉलमध्ये रॅकच्या रांगा. प्रत्येक रॅकमध्ये सर्व्हर, वर स्विच, एका रांगेतून दुसरीकडे केबल. अंतरं पाच मीटर, तीस मीटर, ऐंशी मीटर. टोकं मात्र हजारोंनी, मोठ्या ठिकाणी लाखांनी. इथे काचेची किंमत दुय्यम असते. प्रत्येक टोकाला लागणारं मॉड्यूल, म्हणजे विजेचा उजेड आणि उजेडाची वीज करणारी डबी, तिची किंमत आणि ती खाणारी वीज यावर सगळं ठरतं. मल्टीमोडची डबी स्वस्त, कारण लेझर स्वस्त आणि रुंद वाटेत तो बसवणं सोपं. एका डबीत थोडे पैसे आणि थोडी वीज वाचली, तरी हजारो टोकांनी गुणलं की मोठा आकडा होतो. कॅनॉलच्या मोठ्या दारापेक्षा शेतातल्या बाऱ्यावर माणूस जास्त लागतो ना, तसंच हे. नीरा डाव्या कालव्यातून पाणी किती लांब जातं हे सगळे सांगतात. पण शेवटच्या चारीवरचं दार आणि सरीत पाणी वळवणारा हात, तिथे हजारो जागी खर्च असतो. सिंगल मोड हा कालवा, मल्टीमोड ही चारी.

पण चारीचीही लांबी कमी होत चालली आहे. एक गिगाबिटला ५० मायक्रॉनच्या काचेवर साडेपाचशे मीटर जाता यायचं. दहा गिगाबिटला ओएम थ्रीवर ३०० आणि ओएम फोरवर ४०० मीटर. २०१५ च्या सुमारास शंभर गिगाबिट आलं, चार तारांवर पंचवीस-पंचवीस, तेव्हा ७० आणि १०० मीटर. आता एका तारेवर शंभर गिगाबिट जातं, त्यात ६० आणि १०० मीटर, आणि त्याचं स्वस्त रूप घेतलं तर ओएम फोरवरही ५० मीटर. वेग वाढला की दिंड्या जवळजवळ चालतात, मग मिसळायला थोडंसं अंतरही पुरतं.

म्हणून मोठ्या कंपन्यांत दोन मतं आहेत. फेसबुकनं शंभर गिगाबिटच्या पिढीत आपल्या मोठ्या डेटा सेंटरसाठी सिंगल मोड घेतली. त्यांचे हॉल एवढे मोठे की शंभर मीटर पुरत नाहीत, आणि त्यांना काच परत परत बदलायची नाही. उलट बँका, विद्यापीठं, सरकारी संस्था, मध्यम डेटा सेंटर इथे मल्टीमोड टिकून आहे. एआयच्या यंत्रांमध्ये तर जवळजवळ ठेवलेल्या रॅकमध्ये तिला पुन्हा भाव आला. पाच-पन्नास मीटरवर हजारो जोडण्या, प्रत्येक वॅट मोजलेला, असं काम तिच्या पथ्यावरच पडतं. दर दहा वर्षांनी कुणीतरी मल्टीमोडचा तेरावा घालतो आणि दर वेळी ती जेवायला हजर असते. माझं मत विचाराल तर रॅकच्या आसपास ती बराच काळ राहील, पण दोन इमारतींच्या मध्ये तिला आता जागा नाही.

पुणे या गोष्टीत पुन्हा येतं. १९८८ ला पुण्यात सी-डॅक सुरू झालं, १९९१ ला परम ८००० हा महासंगणक झाला, २०२० मध्ये तिथेच एआयसाठी परम सिद्धी उभा राहिला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं भारतात क्लाउडची तीन ठिकाणं सुरू केली, पुणे, चेन्नई आणि मुंबई. नवी मुंबईत ऐरोली, महापेपासून पनवेलपर्यंत डेटा सेंटरच्या रांगा लागल्या, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईत वर येतात. पहिली फायबरवाली परदेशी केबल १९९४ मध्ये मुंबईला लागली होती. उसाच्या फडातला ओलाव्याचा आकडा असल्याच कुठल्यातरी हॉलमध्ये जातो, आणि तिथले शेवटचे काही मीटर बहुतेक काचेवरून किंवा अगदी जवळ असेल तर तांब्यावरून कापतो.

आणि आपण? जळोची आता नगरपरिषदेत आहे. घरं वाढली, भिगवण रोडला एमआयडीसी, कॉलेजं, हॉस्पिटलं. फायबर दारात आलं, पण कसं आलं ते तुम्ही बघताच. विजेच्या खांबावरून लोंबकळत, झाडाला गाठ मारून, गटारीच्या कडेनं. रस्ता झाला की महिन्यात एक कंपनी खणते, ती बुजवते न बुजवते तोच दुसरी येते. पाण्याच्या लाईनसाठी जेसीबी आला की फायबर तुटतं, मग दिवसभर दुकानातलं पेमेंट बंद, दवाखान्यातला रिपोर्ट अडकलेला, सेतू केंद्राबाहेर रांग. तुटलेली केबल जोडायला मी रात्री टॉर्च लावून खड्ड्यात बसलोय, त्यामुळे हे ऐकीव नाही. कधी कधी तर तांबं असेल म्हणून चोर कापून नेतात आणि काच बघून तिथेच टाकून जातात.

याला कायदा नाही असंही नाही. खोदण्याआधी खाली कुणाची केबल आहे ते कळावं म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सामाईक डक्ट आणि केबल कॉरिडॉरची तरतूद आहे. आपल्या वॉर्डात खोदाईच्या आधी हे ॲप कुणी उघडलं का, हे विचारायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं नगरपरिषदेला आणि दोन्ही तालुक्यांतल्या मोठ्या ग्रामपंचायतींना एवढंच आहे. नवा रस्ता मंजूर करताना कडेनं दोन चांगले एचडीपीई पाईप टाका, ठरावीक अंतरावर चेंबर करा, आणि त्यातला एक पाईप रिकामा ठेवा. रिकामा म्हणजे वाया गेलेला असं ऑडिटवाल्यांना वाटेल. त्यांना वर सांगितलेली ३३ मीटरची गोष्ट सांगा. कंपन्यांना त्यातून भाड्यानं जागा द्या. खोदाई एकदाच.

आणि शाळा, कॉलेज, पतसंस्था, दूध संघ, कारखाने यांच्या संचालकांना विनंती. पुढच्या टेंडरमध्ये नुसतं 'फायबर केबल' असं लिहून घेऊ नका. दोन इमारतींच्या मध्ये सिंगल मोड लिहा. सर्व्हर रूमच्या आत, रॅक ते रॅक मल्टीमोड हवी असेल तर ओएम फोर असं स्पष्ट लिहा, आणि आधी सगळी अंतरं टेपनं मोजा. माल आला की केबलवर छापलेलं वाचून फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर प्रत्येक तारेचा तपासणी रिपोर्ट घ्या, मगच बिल. जुनी नारिंगी केबल अजून कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल, तर ती का स्वस्त आहे ते आता तुम्हाला कळलंय.

अजून एक. १९७९ च्या त्या पुण्यातल्या कामावर टेलिफोन खात्यातली जी माणसं होती, ती आता बरीच वयस्कर असतील. आपल्या बारामती-इंदापूरचीही बरीच मंडळी त्या काळात खात्यात नोकरीला होती. तुमच्या घरात, भावकीत कुणी आजोबा त्या कामावर असतील, एखादा जुना फोटो, केबलचा तुकडा, खात्याचं पत्र असेल, तर कॉमेंटमध्ये टाका किंवा मला मेसेज करा. मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन आणि त्यांची परवानगी घेऊन इथे लिहीन.